आगगाडीच्या रंगाची सायकल

मल्लेश्वरम, बंगळूर
रविवार सकाळ

तीर्थरूप मामंजी,

इंदूचा वाकून नमस्कार. गुडघ्यातून नव्हे, कमरेतून. माझा गुडघा किती वाकतो हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

काल शाळेत माझा सत्कार झाला. पुढच्या महिन्यापासून मी हेडमिस्ट्रेस होणार म्हणून. हार, नारळ, शाल, सगळं यथासांग. मग मला बोलायला उभं केलं. मी आईवडिलांचं नाव घेतलं, बेळगावच्या माझ्या बाईंचं घेतलं, ह्यांचं घेतलं. हे पहिल्या रांगेत बसून उगाच चष्मा पुसत होते. मग तुमचं नाव अगदी ओठांवर आलं, आणि मी गप्पच झाले! काय सांगणार होते? 'सासऱ्यांनी मला सायकल दिली,' एवढंच? लोकांना वाटलं असतं, सासरे पैसेवाले होते, दुकानातून सायकल आणून दिली. ती गोष्ट दोन मिनिटांत सांगण्यासारखी नव्हती, मामंजी. मी आभार मानून खाली बसले, आणि घरी येईपर्यंत मला चुटपुट लागून राहिली.

म्हणून आज चहा झाल्याबरोबर कागद घेऊन बसले आहे. तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. पत्र पोचणार नाही, कळतं मला. पण तुम्ही हयात असताना तरी कुणाच्या पत्राला कधी उत्तर पाठवलंत?

सत्तावन्न सालचा उन्हाळा आठवतो? तुम्ही हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपातून रिटायर झाल्यावर काही वर्षांनी सासूबाईंसह आमच्याकडे राहायला आलात, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. घरातलं दुरुस्त करण्यासारखं सगळं तुम्ही दुरुस्त करून टाकलं होतं. मग चांगल्या चालणाऱ्या वस्तूंकडे वळलात. सासूबाई आपलं शिवणाचं मशीन तुमच्यापासून लपवून ठेवायच्या!

मी तेव्हा मुलींच्या शाळेत हिंदी शिकवत होते. शाळा घरापासून मैलभर. तेवढं चालूनही संध्याकाळी डावा गुडघा नारळाएवढा व्हायचा. तेराव्या वर्षी माळ्याच्या शिडीवरून पडले, वैदूनं हाड बसवलं ते तसंच बसलं. गुडघा अर्धा वाकतो, पुढे म्हणाल तर नाही. मला पाहायला आलात तेव्हा बाकी सगळ्यांनी माझं लंगडणं बघून न बघितल्यासारखं केलं होतं. तुम्ही मात्र पोह्यांची बशी खाली ठेवून सरळ विचारलंत, "पाय दुखतो का गं?" माझ्या आईचा चेहरा उतरला. मला मात्र तुम्ही तिथेच आवडलात.

तर त्या वर्षी शाळेनं कळवलं, जूनपासून नवी इमारत, राजाजीनगरच्या अंगाला. म्हणजे आणखी दीड मैल. बसचा भरवसा नाही. हे म्हणाले, "नोकरी सोड इंदू. घरात काय कमी आहे?" रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते हो! पण रात्री शेकायचं पाणी हेच तापवून देत होते. प्रेमानं म्हणाले, तिथेच माझी पंचाईत झाली.

मी राजीनामा लिहिला. इंग्रजीत. तुम्हाला दाखवला. तुम्ही चष्मा लावून, कागद लांब धरून वाचलात आणि म्हणालात, "स्पेलिंग चुकलंय."

"कुठलं?"

"दोनतीन आहेत. मी नीट करून देतो. घाई कसली? सुट्टी आहे अजून." आणि कागद घडी घालून खिशात!

मामंजी, तुमचं इंग्रजी नटबोल्टांच्या पलीकडे जात नव्हतं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आठवडाभरानं, भर दुपारी, तुम्ही घामानं निथळत फाटकातून आत आलात. हातात सायकल. सायकल कसली, सांगाडा! दोन्ही टायरांच्या चिंध्या, आऱ्यांवर कोळिष्टकं, सीटच्या जागी नुसत्या स्प्रिंगा. फ्रेझर टाऊनच्या कुणा म्हाताऱ्या मडमेकडून आणलीत. ती बाई मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाली होती, तुम्ही तिच्या पेट्यांची सगळी कुलपं दुरुस्त करून दिलीत आणि मजुरी म्हणून मागच्या शेडमध्ये तीस वर्षं पडलेली ही बायकी सायकल मागितलीत. फ्रेझर टाऊनहून मल्लेश्वरमपर्यंत ढकलत!

"हे मढं कुठून उचलून आणलंत?" सासूबाईंनी दारातूनच विचारलं.

"मढं नाही. विलायती आहे. पोलाद बघ." तुम्ही बोटाच्या पेरानं नळीवर टिचकी मारलीत. "घंटेसारखी वाजते."

"आणि कुणी चालवायची?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. सासूबाईंनी तुमच्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

त्या दोन महिन्यांची चव अजून माझ्या तोंडात आहे. चव नव्हे, वास! रॉकेलचा. अंगणात नारळाखाली तुम्ही पोतं पसरलंत आणि सायकल सांध्यासांध्यांतून सुटी केलीत. साखळी रॉकेलच्या डब्यात. छर्रे सासूबाईंच्या चटणीच्या वाटीत. पितळी दिवा आणि घंटी घासायला स्वयंपाकघरातली चिंच गेली, आणि त्या आठवड्यात आमटीत लिंबू पिळावं लागलं. शेजारच्या कमलम्मा अक्का कुंपणावरून विचारायच्या, "एनु राव, सायकल आयिता?" झाली का सायकल? आणि तुम्ही न बघता उत्तर द्यायचात, "स्वल्प बाकी!" दोन महिने तुमचं स्वल्पच बाकी होतं.

पहिले दोनतीन दिवस मी नुसती बघत होते. मग एकदा तुम्ही पाना पुढे केलात. "धर. मी काही जन्मभर पुरणार नाही."

चाक सरळ कसं करायचं ते तुम्ही मला शिकवलंत. चाक उलटं टांगायचं, कडेशी खडू टेकवून फिरवायचं. जिथे खडूची रेघ उमटेल तिथे चाक बाहेर आलंय. तिथला आरा अर्धा फेरा सैल, समोरचा अर्धा फेरा घट्ट. पुन्हा फिरवायचं. "खडू तुझ्या धंद्यातला, चाक माझ्या धंद्यातलं," तुम्ही म्हणालात. मला एका चाकाला तीन दिवस लागले. शेवटी खडूची रेघ सगळीकडून सारखी उमटली तेव्हा मी इतक्या जोरानं ओरडले की सासूबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या!

साखळीवरचं झाकण पार गंजून गेलं होतं. ते तुम्ही तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं नवं केलंत. आतल्या बाजूला अजून डब्यावरची गाय आहे, ठाऊक आहे? तेल घालताना दर वेळी ती माझ्याकडे बघते.

आणि रंग! आता मी जरा भांडणार आहे. तुम्ही मला विचारलंत, "रंग कुठला हवा?" लग्नात शालूचा रंगसुद्धा कुणी मला विचारला नव्हता. मी रात्रभर विचार करून सांगितलं, निळा. तुम्ही "सरी, सरी", बरं बरं, म्हणत गेलात आणि आणलात आगगाडीच्या डब्याचा तांबडा! "निळा उन्हात विटतो. हा तीस वर्षं हलत नाही." मग विचारलंत कशाला हो? पण तुम्ही तीन हात मारलेत, प्रत्येक हातानंतर पाण्यात घासलंत, आणि शेवटी नळीत माझा चेहरा दिसायला लागला. मग माझा राग फार वेळ टिकला नाही.

सायकल मला लहानपणी येत होती. पडण्याआधी दादानं शिकवली होती. पण हा पाय घेऊन? तुम्ही म्हणालात, सोपं आहे, सीट उंच करू, म्हणजे गुडघा कमी वाकेल. केलंत. अंगणात दोन चकरा जमल्या. मी हुरळून गेले आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही नको म्हणत असताना रस्त्यावर नेली.

आठव्या क्रॉसच्या बाजारापाशी उतारावर समोर एक बैल आडवा आला. मी ब्रेक दाबला, पाय टेकवायला गेले, आणि पाय जमिनीला पोचेचनात! सीट उंच ना! मी सायकलसकट काकड्यांच्या ढिगात. काकडीवाली "अय्यो अक्का!" म्हणत धावली, पाणी दिलं, स्वतःच्या पदरानं माझे तळहात पुसले. पण सगळा बाजार हसत होता. घरी आले ती रडतच.

संध्याकाळी ह्यांनी माझे हात बघितले आणि तुमच्यावर आवाज चढवला. ह्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. "झालं समाधान, अण्णा? एक पाय गेलाय, दुसराही घालवायचा होता? ती सायकल उद्या भंगारात द्या."

तुम्ही सायकल उचलून मागे नेऊन ठेवलीत. जेवलातही नाहीत नीट. दोन दिवस तुम्ही सायकलीला हात लावला नाहीत, आणि मी म्हणाले, बरं झालं, संपलं एकदाचं. मी तसं मोठ्यानं म्हणाले, तुम्हाला ऐकू जाईल असं. तेवढ्यासाठी आज माफी मागते. दहा वर्षं उशीर झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मागून सासूबाईंचा आरडाओरडा ऐकू आला. मी लंगडत धावले. बघते तर काय! तुम्ही डाव्या गुडघ्याला दोन्ही बाजूंनी माझ्या शाळेच्या लाकडी पट्ट्या लावून, वर जुन्या धोतराचा पट्टा करकचून बांधला होता. आणि तसे, पासष्टाव्या वर्षी, त्या तांबड्या सायकलीवर बसून नारळाभोवती फिरत होतात! सासूबाई मागून कॅरिअर धरून धावत होत्या आणि ओरडत होत्या, "उतरा! उतरा म्हणते! मला विधवा करायचा बेत आहे का?"

तुम्ही मला बघितलंत आणि तिथेच कलंडलात. सासूबाई तुमच्यावर, सायकल दोघांवर. आणि खालून तुमचा आवाज, "इंदू, कळलं! कळलं मला!"

काय कळलं ते तुम्ही मातीतच बसून सांगितलंत. "पाय खाली जाताना अडत नाही. वर येताना अडतो. सीटचा दोष नाही. तुझ्या पायाला चक्कर लहान हवी."

मामंजी, तेरा वर्षं मी तो गुडघा घेऊन हिंडत होते. डॉक्टरांनी बघितला, वैदूंनी बघितला, देवऋष्यांनी अंगारे लावले. नक्की कुठे अडतं हे कळून घ्यायला स्वतःचा गुडघा बांधून घेणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. मी त्या दिवशी तुमच्या कोपराला हळद लावली, एवढंच.

मग तुम्ही मला स्टुलावर बसवून पाय वरखाली करायला लावलंत आणि भिंतीवर पेन्सिलीनं खुणा केल्यात. खिशातून एक कागद काढून मागच्या बाजूला क्रँकचं चित्र काढलंत. क्रँक म्हणजे पेडल ज्या दांड्याला लागतं तो. कागद उलटा केल्यावर मला दिसलं, माझा राजीनामा!

"अहो मामंजी, हा तर..."

"कागद चांगला जाड आहे," तुम्ही म्हणालात, आणि माप लिहीत राहिलात.

सिटी मार्केटमागच्या गल्लीत गॅसवेल्डिंग करणारे इमामसाब होते, त्यांच्याकडे आपण दोघं गेलो. तुम्ही डावा क्रँक पुढे केलात आणि म्हणालात, मधून एवढा तुकडा कापून दोन टोकं जोडा. इमामसाब क्रँककडे बघेत, तुमच्याकडे बघेत. "लोक वेगळे झालेले सारखे करून नेतात राव. तुम्ही सारखे असलेले वेगळे करून मागताय?"

"चालवणारीचे पाय सारखे नाहीत," तुम्ही म्हणालात. "मग पेडलं सारखी कशाला हवीत?"

माझ्यादेखत म्हणालात. अनोळखी माणसासमोर. आणि मला लाज वाटली नाही! लंगडीचे पाय सारखे नाहीत, ही जणू साडेचार नंबरची चप्पल लागते इतकी साधी गोष्ट होती. इमामसाबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि चष्मा चढवला.

सीट खाली आणली, आखूड क्रँक बसवला. उजवा पाय मोठी चक्कर, डावा पाय छोटी. मी अंगणात बसले आणि पाय फिरला. पूर्ण फिरला! अडलाच नाही. तुम्ही नारळाला टेकून उभे होतात आणि नाक शिंकरत होतात. रंगाचा वास नाकात गेला म्हणे! रंग वाळून महिना झाला होता.

आणि सासूबाई? त्या इतके दिवस सायकलीकडे पाठ करून बसायच्या. त्या दिवशी जवळ आल्या, मागच्या मडगार्डवरून हात फिरवला. त्याच्या कडेला बारीक भोकांची रांग होती. तुम्ही म्हणाला होतात, ही कशाला आहेत कळत नाही, बुजवून टाकतो. त्या म्हणाल्या, "बुजवू नका. ही दोरा ओवायची आहेत. जाळी विणायची, मडगार्डपासून चाकाच्या मध्यापर्यंत. त्या मडमांचे झगे चाकात जाऊ नयेत म्हणून. एवढंही कळत नाही? आणि हिचा पदर अडकला तर?"

तुमचं तोंड उघडं ते उघडंच! चाळीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस, आणि उत्तर दिलं क्रोशाच्या सुईनं! दोन दिवसांत त्यांनी पांढऱ्या जाड दोऱ्याची जाळी विणली, दोन्ही बाजूंना. मधे कमळ. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "पुरे. पडलीस तर जाळी उसवेल, नीट चालव."

ह्यांना शनिवारी अंगणात उभं केलं आणि मी चालवून दाखवली. हे बराच वेळ आखूड क्रँककडे बघत बसले, हातानं पेडल फिरवून बघितलं. मग तुम्हाला म्हणाले, "अण्णा, सॉरी." तुम्ही म्हणालात, "सॉरी राहू दे. हवा भरायचा पंप आण एक."

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, मी विड्याची पानं आणायला जातो. काळा कोट, पगडी, ह्यांची सायकल! पानांना पगडी कशाला, मी विचारलं नाही. वाटेत एकदा मागे बघितलं, तर तुम्ही शंभर पावलांवर. मी थांबले की तुम्ही झाडाखाली थांबायचात आणि झाडाची पानं निरखायचात! पंधरा दिवस तुम्ही रोज विड्याची पानं आणायला राजाजीनगरपर्यंत आलात. मला काही दिसलं नाही असं मी दाखवलं. मग एके दिवशी चढ संपल्यावर मागे बघितलं तर रस्ता रिकामा. मला आधी भीती वाटली. आणि मग इतका आनंद झाला की मी उगाचच घंटी वाजवली. तुम्हाला विश्वास वाटला होता!

मुलींनी माझं नाव ठेवलं 'रैलू टीचर'. त्या रंगामुळे. काल सत्काराच्या फळ्यावरसुद्धा कुणा धिटुकलीनं कोपऱ्यात छोटी आगगाडी काढली होती.

दहा वर्षं, मामंजी! ना एक दिवस रजा पायासाठी, ना एक दिवस उशीर. टायर बदलले, साखळी बदलली. क्रँकचा जोड तसाच आहे.

तुमचं शेवटचं दुखणं फार चाललं नाही. दोन दिवस ताप. दुपारी चहा मागितलात, "साखर स्वल्प जास्त झाली" म्हणालात आणि डोळे मिटलेत. असं जातात का कुणी? तक्रार करून?

आता एक कबुली राहिली.

मी कितीदा म्हणायची, मागे बसा, तुम्हाला बाजारापर्यंत सोडते. तुमचं ठरलेलं, "सुनेच्या मागे बसून वरात काढू?" पण जायच्या आदल्या वर्षी तुम्ही मोतीबिंदूच्या तपासणीला गेला होतात. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालून वर हिरवी पट्टी बांधली, दोन तास काढायची नाही. मी शाळेतून परस्पर तुम्हाला न्यायला आले. लग्नसराई, एक टांगा-जटका मिळेना. तासभर फूटपाथवर उभे राहून शेवटी तुम्हीच म्हणालात, "चल, बसतो. पण उतारानं ने."

तुम्ही मागे बसलात, पगडी सावरत, एका हातानं माझी सीट धरून. चिपाडासारखे हलके होतात हो. थोडं पुढे गेल्यावर तुम्ही हळूच विचारलंत, "इंदू, लोक बघताहेत का?"

"नाही मामंजी. रस्त्यावर कुणीच नाही."

मामंजी, मी खोटं बोलले! अर्धं मल्लेश्वरम रस्त्यावर होतं. काकडीवाली उठून उभी राहिली. कमलम्मा अक्का देवळातून येत होत्या, त्यांनी दोन्ही हात जोडले, तुम्हाला की मला कोण जाणे. एका हॉटेलातली माणसं पेले हातात घेऊन दारात आली. मी मान ताठ करून, एक पाय मोठा, एक पाय छोटा, अशी चालवत होते. आणि मागे तुम्ही निवांत, लहान मुलासारखे पाय हलवत बसला होतात. 'कुणीच नाही' ऐकल्यावर तुम्ही गुणगुणायलासुद्धा लागलात! कसं खरं सांगणार होते?

ही गोष्ट मी काल रात्री जेवताना पहिल्यांदा सासूबाईंना सांगितली. त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला आणि म्हणाल्या, "ते बसले, आणि मला कधी विचारलं नाहीस?"

अहो, सत्तरी उलटलेली बाई! पण चेहरा असा रुसलेला की बोलायची सोय नाही.

तेव्हा वचन देते, मामंजी. येत्या शुक्रवारी सासूबाईंना नवी नऊवारी नेसवून मागे बसवणार आणि गंगम्माच्या देवळाला नेऊन आणणार. उतारानं जाऊ, चढाला दोघी उतरून चालू. त्यांनी विचारलं, लोक बघताहेत का, तर ह्या वेळी खरं सांगेन. सगळे बघताहेत, म्हणेन. बघू देत.

तुमची सून,
इंदू